बटण दाबलं, पण पंप लागला का? पडद्यामागच्या अवस्था वहीत कशा मांडायच्या

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या विहिरीचं पाणी आठ दिवस मचूळ लागत होतं. दोष विहिरीचा नव्हता, माझ्या कोडचा होता.

गुहागरात आमचं आगर आहे, नारळ-पोफळीचं, रस्त्यापासून थेट पुळणीपर्यंत उतरत गेलेलं. जमीन रेताड, पाणी धरत नाही. दिवाळी झाली की शिंपणं सुरू होतं ते मृगाचा पाऊस पडेपर्यंत. आजोबांच्या वेळी रहाट होता, नंतर पंप आला, आणि दोन वर्षांपासून हा पंप फोनवरून लागतो. ती करामत माझी. पुण्यात सात वर्षं मी वेबपानांचं काम केलं, म्हणजे लोकांना जे दिसतं आणि ज्याच्यावर ते बोट ठेवतात त्या बाजूचं. आता तेच काम घरून करते, आणि अण्णांना रात्री बॅटरी घेऊन पंपाच्या खोपीपर्यंत जायला लागू नये म्हणून हे फावल्या वेळात केलं.

यंत्रणा साधी आहे. खोपीत स्टार्टरशेजारी एक छोटी पेटी, तिच्यात सिमकार्ड आणि रिले, म्हणजे पंपाची वीज जोडणारा-तोडणारा खटका. पेटी सर्व्हरशी बोलते, अण्णांच्या फोनवरचं पान सर्व्हरशी बोलतं. पानावर एकच मोठं बटण.

माझ्या पहिल्या कोडमध्ये तीन खुणा होत्या: 'चालू आहे', 'वाट बघतोय' आणि 'चूक झाली'. प्रत्येक खूण खरी किंवा खोटी. असं आपण सगळेच लिहितो, आणि पहिल्या दिवशी ते छान चालतंही. पण तीन खुणांच्या जोड्या आठ होतात. त्यातल्या चार मला हव्या होत्या. उरलेल्या चारांचा मी विचारच केला नव्हता, आणि विचार केला नाही म्हणून त्या घडायच्या थांबत नाहीत.

त्या संध्याकाळी अण्णांनी बटण दाबलं. निरोप पेटीपर्यंत पोचला, पंप लागला. परतीचं उत्तर मात्र वाटेत हरवलं, कारण रेंज गेली. पानाने थोडा वेळ वाट पाहिली, 'वाट बघतोय' खोटं केलं, 'चूक झाली' खरं केलं. 'चालू आहे' आधीपासून खोटंच होतं, ते तसंच राहिलं. पडद्यावर लाल अक्षरं आली: काहीतरी चुकलं. अण्णा म्हणाले, जाऊ दे, सकाळी गडी लावेल. पंप रात्रभर चालला. सकाळी गड्याने पाहिलं तेव्हा पंप कोरडा कोकलत होता आणि विहिरीचा तळ दिसत होता.

किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. ढोबळ हिशेब असा, की समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल तर खाली चाळीसेक फूट गोडं असतं. वरचं एक फूट उपसलं की खालून खारं चाळीसेक फूट चढायला बघतं. म्हणून आमच्याकडे विहीर तळापर्यंत उपसणं हा वेडेपणा समजतात. आठ दिवस शिंपणं बंद ठेवलं. पोफळी हिरमुसल्या.

अण्णा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "अगो, तुला ठाऊक नव्हतं तर 'ठाऊक नाही' असं लिहायचं. 'चुकलं' कशाला लिहिलंस? चुकलं तर काहीच नव्हतं."

या वाक्यावर मी ते पान मोडून पुन्हा लिहिलं. कसं लिहिलं ते खाली सांगते. पंप तुमच्याकडे नसेल, पण पैसे भरायचं बटण असेल, फोटो चढवायचं असेल, फॉर्म असेल. जिथे बटण दाबल्यावर दूर कुठेतरी काहीतरी घडतं आणि उत्तर उशिरा येतं, तिथे हीच गत होते.

आधी वही

लॅपटॉप मिटा. तुमच्या पानाला त्या दूरच्या गोष्टीबद्दल एका वेळी एकच काहीतरी वाटू शकतं. जे जे वाटू शकतं त्याला नावं द्या. यांना अवस्था म्हणायचं. माझ्या सहा निघाल्या:

ठाऊक नाही
बंद
लागतोय
चालू
थांबतोय
अडकला

नाव नीट आहे की नाही हे बघायला 'पंप आत्ता…' असं म्हणून पुढे ते नाव जोडायचं आणि ते अण्णांना न समजावता कळतंय का बघायचं. 'लोडिंग' या परीक्षेत नापास होतं. माझी जुनी 'वाट बघतोय' ही खूणही नापास झाली, कारण तिच्यात दोन गोष्टी कोंबलेल्या होत्या: लागायची वाट आणि थांबायची वाट. त्या दोन वेगळ्या अवस्था आहेत. पंप लागत असताना कोणी 'बंद' दाबलं तर त्याला अर्थ आहे. थांबत असताना दाबलं तर तो फक्त घाईत आहे.

पंप लागून किती मिनिटं झाली, शेवटचा निरोप कधी आला, हे अवस्थांमध्ये घालू नका. ती नुसती माहिती, अवस्थेच्या शेजारी ठेवायची. फरक कसा ओळखायचा? ती गोष्ट बदलल्यावर एखाद्या बटणाचा अर्थ बदलतो का, ते विचारा. बदलत असेल तर अवस्था, नाहीतर माहिती. पंधरा मिनिटं झाली काय आणि सोळा झाली काय, बटणाला फरक पडत नाही.

आता सुरुवातीची अवस्था कोणती? दहातले नऊ जण 'बंद' लिहितील. मीही लिहिलं होतं. पण पान उघडल्या क्षणी तुम्हाला काय माहीत असतं? काही नाही. पंप तासाभरापूर्वी गड्याने हाताने लावलेला असू शकतो. म्हणून पान 'ठाऊक नाही'मध्ये जन्माला येतं, आणि पेटीला विचारून उत्तर आलं की पुढे सरकतं. 'ठाऊक नाही' ही एक अवस्था आधी असती तर ती विहीर वाचली असती.

मग घटना

अवस्था बदलते ती काहीतरी घडलं म्हणून. जे घडलं त्याला घटना म्हणायचं, आणि नाव भूतकाळात द्यायचं: 'चालू दाबलं', 'बंद दाबलं', 'वेळ संपली'. 'पंप लाव' हे घटनेचं नाव नव्हे, तो हुकूम झाला. हुकूम द्यायचा की नाही हे अवस्था बघून ठरेल. बोट ठेवणाऱ्याने फक्त बोट ठेवलंय. हा भेद बारीक वाटतो, पण कोडमध्ये बटणाच्या क्लिकला थेट 'सर्व्हरला निरोप पाठव' जोडायची सवय इथेच मोडते. बटण एवढंच सांगतं, की मला दाबलं.

घटना फक्त बोटातून येतात असं धरू नका. माझ्याकडे त्या चार वाटांनी येतात. अण्णांच्या बोटातून: चालू दाबलं, बंद दाबलं, 'बघून आलो' दाबलं. पेटीकडून: 'पंप चालू आहे', 'पंप बंद आहे', 'पाणी येत नाही'. घड्याळाकडून: वेळ संपली. आणि खुद्द फोनकडून: पान पुन्हा समोर आलं. या आठ झाल्या.

शेवटची घटना लोक विसरतात. फोन खिशात गेला की ब्राउझर मागच्या पानाची घड्याळं मंद करतो किंवा पानच गोठवतो. अर्ध्या तासाने अण्णा फोन काढतात तेव्हा पडद्यावर अर्ध्या तासापूर्वीचं सत्य असतं. म्हणून पान समोर आलं की कुठल्याही अवस्थेतून 'ठाऊक नाही', आणि पेटीला विचारणा. एखादा सेकंद ते दिसतं, मग खरं कळतं. अपवाद 'अडकला'चा. ती अवस्था माणसाने खोपीत जाऊन बघितल्याशिवाय सुटत नाही. आणखी एक: ब्राउझर 'ऑनलाइन' म्हणाला म्हणून इंटरनेट आहे असं समजू नका. फोन कुठल्यातरी नेटवर्कला जोडलेला आहे, एवढाच त्याचा अर्थ. पुढे रस्ता आहे की नाही हे निरोप पाठवल्याशिवाय कळत नाही.

तक्ता, आणि त्यातले रिकामे खाने

आता वहीचं पान आडवं धरा. डावीकडे सहा अवस्था खालोखाल, वर आठ घटना ओळीने. अठ्ठेचाळीस खाने. प्रत्येक खान्यात लिहायचं, की या अवस्थेत ही घटना घडली तर पुढची अवस्था कोणती. हेच ते स्टेट मशीन. नाव भारदस्त आहे, वस्तू ही एवढीच.

सरळ खाने पाच मिनिटांत भरतात:

बंद असताना 'चालू दाबलं' → लागतोय
लागतोय असताना 'पंप चालू आहे' → चालू
चालू असताना 'बंद दाबलं' → थांबतोय
थांबतोय असताना 'पंप बंद आहे' → बंद

हे चार खाने म्हणजे डेमोच्या दिवशीचा पंप. उरलेल्या चव्वेचाळिसांत रोजचा पंप राहतो. त्यातले मला छळलेले सांगते.

बंद असताना पेटी म्हणाली 'पंप चालू आहे'. माझ्या जुन्या कोडमध्ये याला जागाच नव्हती, कारण माझ्या मते पंप लावणारं माझं पान एकटंच होतं. पण खोपीत स्टार्टरचं हिरवं बटण अजून आहे, आणि गडी ते दाबतो. उत्तर: चालू. पंप आपल्याला विचारून लागलेला नाही म्हणून तो लागलाच नाही असं होत नाही.

लागतोय असताना 'बंद दाबलं'. अण्णांना पाटात जनावर दिसलं, त्यांनी लगेच बंद दाबलं आणि काहीच झालं नाही, कारण मी त्या वेळात बटण मारून टाकलेलं होतं. आता तिथून थेट थांबतोय.

थांबतोय असताना 'वेळ संपली'. हात शिवशिवतात की 'बंद' लिहावं. निरोप पाठवलाय, थांबला असेलच. 'असेलच' या शब्दावर आमची विहीर उपसली गेली. उत्तर: ठाऊक नाही.

चालू असताना 'वेळ संपली'. इथे घड्याळ वेगळं आहे. लागतोय आणि थांबतोय या अवस्थांत मी पंचवीस सेकंद थांबते. चालू असताना पेटी दर मिनिटाला 'पंप चालू आहे' म्हणते. तीन मिनिटं आवाज नाही आला तर ठाऊक नाही. घटनेचं नाव तेच, पण कुठल्या अवस्थेत घडली त्यावर तिचा अर्थ ठरतो.

आणि अडकला असताना 'चालू दाबलं' → अडकला. 'पाणी येत नाही' असं पेटीने सांगितलं की पेटी स्वतःच पंप तोडते. पाण्याचा सेन्सर त्या रात्रीनंतर बसवला. लागल्यावर पहिलं मिनिटभर पेटी त्याच्याकडे बघत नाही, कारण पाइप भरायला वेळ लागतो. अडकल्यावर कितीही वेळा दाबलं तरी पंप लागत नाही. कोणीतरी जाऊन बघायचं, फूटव्हॉल्व्ह (पाइपच्या विहिरीतल्या टोकाची झडप) गळतोय का, विहिरीत पाणी आहे का, आणि मग 'बघून आलो' दाबायचं. तिथून पुन्हा ठाऊक नाही, आणि विचारणा. 'बंद' नाही. बघून येणाऱ्याने पंप लावून ठेवला असेल तर?

काही खान्यांत तुम्ही 'हे होऊच शकत नाही' असं लिहाल. लिहा, पण रिकामं सोडू नका. तिथे पोचलात तर अवस्था बदलायची नाही आणि नोंद करून ठेवायची. माझ्या वहीत असे पाच खाने होते. पहिल्या महिन्यात त्यातले दोन 'होऊ शकत नाही' घडले.

कोडमध्ये उतरवताना

तक्ता एकदा झाला की कोड कंटाळवाणा असतो, आणि तसाच हवा. एकच फंक्शन: आत्ताची अवस्था आणि घडलेली घटना घेतं, पुढची अवस्था परत देतं. रिॲक्ट ही जावास्क्रिप्टची लायब्ररी वापरत असाल तर रिड्यूसर नावाने जे लिहिता ते हेच. या फंक्शनने बाकी काही करायचं नाही. निरोप पाठवायचा नाही, घड्याळ लावायचं नाही, पडद्याला हात लावायचा नाही. मग हे फंक्शन पंपाशिवाय, फोनशिवाय, पावसाळ्यात घरात बसून हजार वेळा चालवून बघता येतं.

कामं वेगळीकडे ठेवायची आणि ती अवस्थेत शिरताना किंवा बाहेर पडताना करायची. लागतोयमध्ये शिरताना: पेटीला निरोप पाठव, पंचवीस सेकंदांचं घड्याळ लाव. बाहेर पडताना: घड्याळ मोड.

हे 'बाहेर पडताना' मी आधी लिहिलं नव्हतं. विसाव्या सेकंदाला उत्तर यायचं, पान 'चालू' म्हणायचं, आणि पाच सेकंदांनी 'ठाऊक नाही'वर पडायचं. मग पुढचा निरोप आला की पुन्हा चालू. अण्णा म्हणाले, पान घाबरट आहे. जुन्या अवस्थेत लावलेलं घड्याळ नव्या अवस्थेत वाजत होतं, एवढंच. घड्याळ ज्या अवस्थेने लावलं तिनेच मोडायचं, नाहीतर ते दुसऱ्याच्या घरात जाऊन गजर करतं.

अवस्थेला चिकटलेलं काम आणि उडीला, म्हणजे एका अवस्थेतून दुसरीत जाण्याला, चिकटलेलं काम हा भेद जुना आहे. जॉर्ज मीली यांनी १९५५ साली स्टेट मशीनचा जो प्रकार मांडला त्यात फळ, म्हणजे आउटपुट, उडीवर मिळतं; एडवर्ड मूर यांच्या १९५६ च्या मांडणीत ते अवस्थेवर अवलंबून असतं. ते दोघेही परिपथांचा विचार करत होते, पण पानावर तोच भेद रोज भेटतो. हिरवा ठिपका चालू अवस्थेत आहोत तोवर दिसतो. फोनचा 'टिंग' मात्र लागतोयमधून चालूमध्ये जाताना एकदाच वाजतो. ठिपका उडीला जोडलात तर पान पुन्हा उघडल्यावर तो दिसणार नाही. 'टिंग' अवस्थेला जोडलात तर दर मिनिटाला वाजेल. हे दोन्ही मी करून पाहिलंय, मुद्दाम नव्हे.

आता निरोपाबद्दल, कारण सगळ्यात महाग चूक इथे होते. माझ्या बटणाचा निरोप आधी 'उलटं कर' असा होता: बंद असेल तर चालू कर, चालू असेल तर बंद. एकच बटण, एकच निरोप, मला फार सुटसुटीत वाटलं होतं. पण रेंज खराब असली की निरोप पुन्हा पाठवावा लागतो, आणि 'उलटं कर' दोनदा पोचलं की पंप लागून लगेच थांबतो. पंपाला याचा त्रास होतो; मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट वीज खेचते आणि सारखी लावबंद केली की तापते. म्हणून निरोप असा लिहा की तो एकदा पोचला काय आणि चारदा पोचला काय, परिणाम सारखाच. 'चालू कर' चारदा म्हटलं तरी चालूच. पैशांच्या पानावर हेच वेगळ्या रूपात करावं लागतं: प्रत्येक मागणीला एक क्रमांक, आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने पैसे पुन्हा कापायचे नाहीत.

क्रमांक माझ्याकडेही आहे. प्रत्येक हुकुमावर पान एक चढता आकडा लिहितं आणि पेटी उत्तरात आपल्याला मिळालेला शेवटचा आकडा परत पाठवते. थांबतोयमध्ये असताना जुन्या आकड्याचं 'पंप चालू आहे' आलं तर ते रेंजमध्ये रेंगाळलेलं शिळं उत्तर. सोडून द्यायचं. शोधाच्या चौकटीत भराभर टाइप करताना आधीच्या अक्षरांचे निकाल उशिरा येऊन नव्यांवर बसतात, तो हाच रोग, आणि औषधही हेच.

काही उड्यांना अट लागते. बंदमध्ये 'चालू दाबलं' तर लागतोय, पण पंप थांबून दोन मिनिटं झाली असतील तरच. दोन मिनिटं ही माहिती, अवस्था नव्हे, म्हणून ती उडीवर अट बनून बसते. अट पुरी झाली नाही तर गप्प बसू नका. 'अजून ४० सेकंद' असं दाखवा. काहीच न घडणारं बटण माणूस आणखी जोरात दाबतो.

दुसरा पंप आला तेव्हा

पुढच्या हंगामात वरच्या टाकीसाठी दुसरा पंप घेतला. सहा अवस्था गुणिले सहा म्हणजे छत्तीस, असं मी एक रात्र खरोखर मांडत बसले होते. त्यात 'रेंज आहे' आणि 'रेंज नाही' घातलं की बहात्तर. इथे साधा तक्ता थकतो.

डेव्हिड हरेल यांना १९८० च्या दशकात लढाऊ विमानातल्या उपकरणांचं वागणं अभियंत्यांबरोबर मांडताना हीच अडचण आली होती. त्यांनी काढलेला मार्ग १९८७ साली छापून आला; त्याला स्टेटचार्ट म्हणतात. त्यातल्या दोन कल्पना घेतल्या तरी आपलं भागतं. पहिली, एकमेकांशी देणंघेणं नसलेल्या गोष्टींचे वेगळे तक्ते शेजारी शेजारी चालू द्यायचे. माझे दोन पंप म्हणजे एकाच तक्त्याच्या दोन प्रती, आणि रेंजचा तिसरा दोन अवस्थांचा तक्ता. गुणाकाराची बेरीज झाली. दुसरी, अवस्थेच्या पोटात अवस्था. 'ठाऊक नाही' सोडून बाकीच्या पाचांना एका मोठ्या 'ठाऊक आहे'मध्ये घातलं, आणि 'पान पुन्हा समोर आलं' ही घटना त्या मोठ्या अवस्थेवर एकदाच लिहिली. अडकलामध्ये मात्र ती आतल्या अवस्थेने अडवायची, कारण आतलीचं उत्तर बाहेरचीच्या आधी विचारतात.

जावास्क्रिप्टमध्ये एक्सस्टेट ही लायब्ररी हे सगळं तयार देते, चित्रही काढून दाखवते. चांगली आहे. पण पहिला तक्ता हाताने काढल्याशिवाय ती घेऊ नका. लायब्ररी खाने भरायला बसवत नाही. तिच्यात न लिहिलेली घटना निमूट दुर्लक्षित होते, आणि तुम्हाला वाटतं सगळं नीट आहे.

एवढा खटाटोप प्रत्येक ठिकाणी करायचा का? नाही. मेनू उघडणं-मिटणं याला एक खरं-खोटं पुरतं. दुसरी खूण लिहाल तेव्हा थबका, तिसरी लिहायच्या आधी वही काढा.

पडदा

पडदा फक्त अवस्थेवरून रंगवायचा. प्रत्येक अवस्थेपुढे दोन गोष्टी लिहा: वाचणाऱ्याला दिसणारं वाक्य, आणि हातात येणारी बटणं. माझं 'बंद कर' बटण सहाही अवस्थांत जिवंत आहे, 'ठाऊक नाही'मध्येसुद्धा. 'चालू कर' फक्त बंदमध्ये लागू पडतं. याचं कारण दोन्ही बाजूंचं नुकसान सारखं नाही. पंप उगाच थांबला तर तासभर शिंपणं लांबतं. उगाच लागून राहिला तर विहीर जाते. तुमच्या पानावर कुठल्या बाजूला खड्डा आहे ते आधी ठरवा आणि त्या बाजूचं बटण जपून द्या.

वाक्यं मी अण्णांकडून घेतली. लागतोयमध्ये 'निरोप गेलाय, पंपाचं उत्तर यायचंय'. ठाऊक नाहीमध्ये 'पंप चालू आहे की बंद, ठाऊक नाही. शेवटचं कळलं ते ५:१२ ला: चालू'. शेवटचं काय आणि कधी कळलं हे लिहिल्यापासून अण्णा अशा वेळी खोपीकडे जातात की घरात बसतात हे त्यांचं ते ठरवतात.

पारख

दोन प्रकारे करा. एक, अठ्ठेचाळीसही खाने एकेक चालवून वहीशी ताडून बघा. त्या निर्मळ फंक्शनला सेकंदही लागत नाही. दोन, घटनांचा पाऊस पाडा: यादृच्छिक क्रमाने लाखभर घटना सोडा आणि प्रत्येक घटनेनंतर काही गोष्टी कधीच मोडत नाहीत ना ते बघा. माझ्या दोन आहेत. 'अडकला'मधून 'बघून आलो'शिवाय बाहेर पडता येत नाही. आणि पेटीने सांगितल्याशिवाय पान कधीही 'बंद' म्हणत नाही. दुसरी मोडलेली मला या पावसातच सापडली: थांबतोयमध्ये 'पाणी येत नाही' आलं तर मी 'बंद' लिहून ठेवलं होतं. पेटी पंप तोडते म्हणून तसं लिहिलं, पण 'पंप बंद आहे' असं ती म्हणालेली नव्हती, आणि मुख्य म्हणजे पाणी का आलं नाही हे कोणीतरी जाऊन बघायला हवंच होतं. आता अडकला.

शिवाय शेवटच्या पन्नास घटना फोनमध्येच साठवून ठेवा, कुठल्या अवस्थेत कुठली घटना आणि कितीला. "काल संध्याकाळी पान बिघडलं होतं" एवढ्यावर काही शोधता येत नाही. त्या पन्नास ओळी फंक्शनमध्ये पुन्हा ओतल्या की कालची संध्याकाळ जशीच्या तशी समोर उभी राहते.

तक्त्याची एक प्रत मी खोपीच्या दाराला आतून चिकटवली आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. अण्णांनी ती चष्मा लावून सावकाश वाचली, आडवी आणि उभी. मग विचारलं, "आणि लाईट गेली की?"

माझ्या आठ घटनांत ती नव्हती. गुहागरात राहून मी लाईट जाणं विसरले होते. पेटीला छोटी बॅटरी आहे, त्यामुळे लाईट गेली हे ती सांगू शकते. मी विचारलं नव्हतं एवढंच. त्यांनी खिशातलं पेन काढून पिशवीवरच नववा रकाना आखला. सहा नवे खाने. चालू असताना लाईट गेली तर काय, यावर आम्ही ओटीवर बराच वेळ घालवला. लाईट आल्यावर पंप आपोआप लागावा असं मला वाटत होतं, शिंपणं अर्धवट राहू नये म्हणून. अण्णा नको म्हणाले. साधा स्टार्टरही लाईट गेली की सुटतो आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय धरत नाही, ते उगाच नाही. लाईट रात्री दोनला आली तर? पाट कुठल्या वाफ्याकडे वळवलाय हे तेव्हा कोण बघणार?

म्हणून चालू, लागतोय आणि थांबतोय या तिन्हींतून लाईट गेली की ठाऊक नाही, आणि पेटीने रिले सोडून 'पंप बंद आहे' सांगितलं की बंद. बंदमधून बंदच, अडकलामधून अडकला, ठाऊक नाहीमधून ठाऊक नाही. पिशवीवरचं पेन पुसलं जातं, म्हणून पावसाळ्यात नवी प्रत छापायची आहे, चोपन्न खान्यांची.